डावी बाही

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास, ऊन सरकत सरकत इस्त्रीच्या टेबलापर्यंत येतं त्या वेळी, धाकट्या मालकांनी शिवून आलेला पहिला कोट खिडकीशी टांगला आणि कौतुकानं बघायला म्हणून ते दोन पावलं मागे सरले. कारखान्यातला कटिंग मास्तर तेव्हा आपल्या लांबलचक टेबलाशी उभा राहून खडूची कड घासून पातळ करत होता. त्यानं सहज मान वर केली. कोट गडद निळ्या मखमलीचा होता. एका वाद्यवृंदानं असे एकशे चाळीस कोट सांगितले होते, त्यातला हा पहिला. गळा चांगला बसला होता, खांदा चांगला होता, उजवी बाही निळी होती आणि डावी बाही काळी होती. मास्तरच्या चिमटीतला खडू मोडला. आवाज झाला नाही, नुसता मोडला. आणि खडू मोडायच्याही आधी त्याला सगळं कळून चुकलं होतं. कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेला, कोणाच्या हातानं. धाकटे मालक अजून कोटाकडेच बघत होते. त्यांनी मान एकदा डावीकडे कलती केली, एकदा उजवीकडे केली, खिडकीचा पडदा पुरता सारला, चष्मा पुसला. मग म्हणाले, "मास्तर, रंगात काही घोटाळा आहे, की माझेच डोळे बिघडलेत?"

रंगात घोटाळा नव्हता. कापड एकाच ताग्यातलं होतं. पण मखमलीला लव असते आणि लवेला दिशा असते. तिच्या कलानं हात फिरवला तर ती गुपचूप बसते, उलटा फिरवला तर उठते. आणि लव खालच्या दिशेला धरली की जे कापड उजळ दिसतं, तेच वरच्या दिशेला धरलं की काळवंडतं. म्हणून कोटाचे सगळे तुकडे, पाठ म्हणा, बाह्या म्हणा, कॉलर म्हणा, एकाच दिशेनं कापायचे. एक तुकडा जरी डोक्यावर उभा राहिला तरी तो सगळ्या कोटातून बोंब मारतो. मास्तर हे सतराव्या वर्षी शिकला होता. त्याच्या उस्तादाला दमा होता, दोन वाक्यांच्या मध्ये तो भात्यासारखा श्वास घ्यायचा, आणि पहिले तीन महिने त्यानं पोराला कात्रीला हात लावू दिला नव्हता. नुसता कापडावरून तळवा फिरवायला लावायचा. "मांजराला कसं कुरवाळतोस?" उस्ताद म्हणायचा. "शेपटीकडून डोक्याकडे गेलास तर बोचकारेल. कापड बोचकारत नाही, एवढाच फरक. कापड अब्रू घेतं." मग श्वास. मग, "आणि कापलेलं सांधता येत नाही, हे विसरलास तर हा धंदा सोड." मास्तर विसरला नव्हता. एकोणचाळीस वर्षं तो रोज सकाळी कात्री उचलताना क्षणभर घाबरत आला होता, आणि आपण चांगले मास्तर आहोत ते या घाबरण्यामुळेच, असं त्याला मनातून वाटायचं. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. कारागिरानं घाबरतो म्हणून सांगितलं की संपलंच.

मोठे मालक असते तर त्यांनी बाही नुसती चिमटीत धरून सांगितलं असतं की कुठे माती खाल्ली आणि कोणी. पण ते गेल्या वर्षी वारले, आणि धाकटे मालक कुठल्याशा कचेरीतली नोकरी सोडून वडिलांच्या खुर्चीत येऊन बसले. माणूस वाईट नव्हता. "मला यातलं ओ की ठो कळत नाही," असं तोच सगळ्यांना हसत सांगायचा. आताही त्यांनी तेच सांगितलं, फक्त हसले नाहीत. बाहेर बभ्रा नको म्हणून एव्हाना शिवून झालेले सगळे कोट त्यांनी आपल्या केबिनमध्ये नेऊन ठेवले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, आता तुम्हीच छडा लावा. तुमच्याशिवाय कोणाला कळणार हे?" म्हणजे चोरालाच फौजदार केला. मास्तर दुपारी अडीचपर्यंत त्या केबिनमध्ये एकेक कोट उलगडत बसला. त्याला बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. कोट दोन मापांचे होते. लहान मापाचे सगळे ठीक होते. मोठ्या मापाच्या प्रत्येक कोटाची डावी बाही उलटी होती. कापड अंथरणाऱ्यानं थर उलटा टाकला असता तर त्या थरातून निघालेला अख्खा कोट काळा पडला असता, दोन्ही बाह्यांसकट. प्रत्येक कोटाची तीच एक बाही उलटी, याचा अर्थ सगळे तुकडे ज्यावर रेखले होते त्या आखणीच्या कागदावरच ती उलटी होती. आणि आखणी या कारखान्यात एकच माणूस करतो. कागद कापडाच्या थरांवर टाचून कापडाबरोबरच कापला जातो आणि त्याच संध्याकाळी कतरणीच्या पोत्यात जातो. पुरावा म्हणून काही उरत नाही. "अंथरताना झालं असणार, नाही?" धाकटे मालक मागून म्हणाले. ते मघापासून फोनवर कुठेतरी वाचत होते. "थर उलटसुलट पडले आणि मग गठ्ठे बांधताना मिसळले. होतं म्हणे असं." मास्तरची मान हलली. ती आडवी हलली की खाली-वर, हे त्याला नंतर पुष्कळदा आठवून पाहावं लागलं. मालकांनी तो होकार धरला, आणि त्यानं त्यांना अडवलं नाही.

अंथरायचं काम मावशींचं. मास्तरपेक्षा सहा वर्षांनी लहान, पण कारखान्यात सगळे मावशी म्हणायचे म्हणून तोही म्हणायचा. एकोणीस वर्षं त्या त्याच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या होत्या. नवरा लवकर गेला, एक मुलगी, ती कुठेतरी हिशेब शिकत होती आणि दुपारी एका दुकानात बसत होती. मावशी ताग्याचं टोक धरून टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालायच्या, थर सपाट करायच्या, कापायच्या, पुन्हा चालायच्या. साधं कापड येताना एक थर, जाताना एक थर असं टाकता येतं. मखमल तशी टाकता येत नाही, लव उलटी पडते. दर थराला रिकाम्या हातानं परत सुरुवातीला यावं लागतं. या कोटांसाठी सत्तर थर लागले होते. सत्तर वेळा मावशी त्या दुखऱ्या गुडघ्यांनी रिकाम्या हातानं टेबलाच्या कडेनं परत आल्या होत्या, एकही वेळ न चुकता. शनिवारी दुपारी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. पाच मिनिटांनी त्या बाहेर आल्या, टेबलाच्या त्या टोकाशी खिळ्याला अडकवलेला आपला चष्मा त्यांनी काढून घेतला, आणि मास्तरजवळ येऊन म्हणाल्या, "येते, मास्तर." मास्तर म्हणाला, "हं." चोर सोडून संन्याशाला सुळी, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. त्या गोष्टीतल्या चोराला काय वाटलं असेल, याचा विचार त्यानं कधी केला नव्हता.

खेळ त्याच्या आयुष्यात शिरला तो दवाखान्यात. पाच महिन्यांपूर्वी बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. मुलगी दुसऱ्या शहरातून दोन दिवसांसाठी आली होती, आणि बाप शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारासमोर घालत असलेल्या येरझाऱ्या बघून वैतागली होती. "बाबा, तुमच्याकडे बघून मला चक्कर येतेय. बसा इथे. फोन द्या." तिनं त्याच्या फोनवर काहीतरी उतरवून दिलं. "हे काय?" "ठोकळे बसवायचे. तुमचंच काम आहे, फक्त कात्री नाही." एक चौकट होती, तिच्यात घरं. खाली तीन तुकडे यायचे, एक काटकोनी, एक लांबट, एक पायरीसारखा. बोटानं टिचकी मारली की तुकडा वळायचा. कसाही वळायचा. तो उचलून चौकटीत बसवायचा, आणि एक ओळ भरली की टुक् असा आवाज होऊन ती ओळ नाहीशी व्हायची. घड्याळ नव्हतं, शत्रू नव्हता, कोणी मरत नव्हतं. मास्तरनं मान वर केली तेव्हा बायकोला बाहेर आणून पाऊण तास झाला होता, मुलगी केव्हाच आत गेली होती आणि एक परिचारिका त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. "किती हाका मारायच्या, काका?" त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या शरमेच्या खाली दुसरंच काहीतरी होतं आणि ते त्याच्या लक्षात राहिलं. दोन तास तो घाबरला नव्हता. सतराव्या वर्षापासून पहिल्यांदाच.

त्यानंतर मावशी तीन दिवस रजा टाकून बायकोच्या उशाशी बसल्या, कारण मुलीला परत जायचं होतं आणि मास्तरला आजारी माणसाजवळ नुसतं बसणं जमत नव्हतं. तो बाहेर बाकावर असायचा, फोन घेऊन. बायको बरी होऊन घरी आली, आणि खेळ तिच्याबरोबरच घरी आला. बाटलीला हात न लावलेला, विडीच्या धुरानं ठसका लागणारा माणूस. निर्व्यसनी म्हणून चारचौघांत ज्याचं नाव निघायचं, तो आता बस सुटेपर्यंत थांब्यावर ठोकळे बसवू लागला आणि मग बस सुटून गेली तरी बसवू लागला. तो न्हाणीघरात शिरला की बायको बाहेरून ओरडायची, "आत अंडी उबवताय का?" तिथेच, कडी लावलेल्या दाराआड, एकदा अख्खी चौकट रिकामी झाली. एक तुकडा उरला नाही, एक घर अडलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हे वेडेपणाचं होतं आणि तसं त्यालाही वाटलं, पण पाणी आलं हे खरं. एकोणचाळीस वर्षं तो कापडावर तुकडे जवळजवळ बसवत आला होता, आणि कितीही जवळ बसवले तरी मध्ये काहीतरी उरायचंच. तिरपी पट्टी, बोटभर त्रिकोण, चंद्रकोर. संध्याकाळी कतरणीची दोन पोती बांधून बाहेर ठेवायची, सकाळी पुन्हा सुरुवात. इथे उरत काहीच नव्हतं. भरलं की नाहीसं. तो दोनदा शपथ घेऊन खेळ फोनमधून काढून टाकायला गेला, काढलाही, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत परत घेतला. मग डोळ्यांना त्याची सवय लागली. समोरच्या इमारतीतल्या उघड्या खिडक्या आणि बंद खिडक्या, मांडणीतली ताटं, रांगेतली माणसं, सगळ्यांत त्याला मोकळी घरं दिसायची आणि अंगठा खिशातल्या खिशात टिचकी मारून काहीतरी वळवायचा. बायको बोलत असायची आणि तिच्या दोन शब्दांमधल्या जागेत तो एक लांबट तुकडा उभा करून बघायचा. "तुमचं लक्ष कुठाय?" ती विचारायची. तो म्हणायचा, "ऐकतोय ना." आणि खरंच ऐकत असायचा, म्हणजे शेवटचा शब्द त्याला सांगता यायचा.

आखणीचा तो दिवस मंगळवार होता. सकाळपासून एक टप्पा अडला होता. बसमध्ये अडला, चहा पिताना अडला, कारखान्यात येऊन फोन खणात ठेवला तरी डोक्यात तसाच अडून राहिला. मास्तरनं कागद पसरला, पुठ्ठ्याचे नमुने काढले, निळी पेन्सिल घेतली, दोन्ही मापांचे सगळे तुकडे एकेक करून मांडले. सगळे बसले, मोठ्या मापाची डावी बाही बसेना. तिच्यासाठी कागद चार बोटं लांब करावा लागणार होता. मखमल म्हटलं की चार बोटं जायचीच. एरवी त्यानं दोनदा विचारसुद्धा केला नसता. पण त्या दिवशी पाठीच्या मुंढ्यापाशी, जिथे बाही जोडली जाते तिथे, एक मोकळी जागा होती, वाटोळी, आणि ती त्याच्याकडे बघत होती. हातानं बाही उचलली. वळवली. बाहीचा गोल माथा मुंढ्याच्या पोकळीत असा जाऊन बसला की मध्ये पेन्सिलीच्या रेघेपुरतीसुद्धा जागा राहिली नाही. मास्तरला टुक् ऐकू आलं. कारखान्यात तसा आवाज करणारी एकही वस्तू नव्हती, तरी त्याला तो ऐकू आला, आणि छातीतून काहीतरी ऊन ऊन उतरत गेलं. तो एकटाच हसला. कोणाला तरी दाखवावं असं वाटलं, पण मावशी पुढचा तागा आणायला गोदामात गेल्या होत्या. त्यानं रेघ ओढली. मग त्या आखणीवरून पाच कागद केले, पाच वेळा ते थरांवर टाचले, पाचही वेळा त्या बाहीवरून तळवा फिरवून कागद सपाट केला, आणि पाचही वेळा ती त्याला उलटी दिसली नाही. बसलेली दिसली. दुपारी त्यानं खणातून फोन काढला तेव्हा अडलेला टप्पा पहिल्याच खेपेला सुटला, आणि आजचा दिवस फार चांगला आहे असं त्याला वाटलं होतं.

सोमवारी मावशींच्या जागी इस्त्रीवरच्या दोन बायकांना उभं केलं. त्या आपापसात कुजबुजत थर टाकायच्या आणि थरांत हवा राहायची. मास्तरनं त्या दिवशी ठरवलं की सांगून टाकायचं. केबिनच्या दाराशी गेला. धाकटे मालक फोनवर वाद्यवृंदाच्या माणसाशी गयावया करत होते. नव्या बाह्या कापून लावायचं ठरत होतं, त्याच रंगाचं कापड मिळतं का याची शोधाशोध चालू होती. त्यांनी बोट वर करून थांबा म्हणून खूण केली. बाहेर बाक होता. मास्तर बसला. वाक्य तयार होतं: माझ्याकडून झालं, मावशींचा काही दोष नाही. सहा-सात शब्द, लहान मूलसुद्धा म्हणेल. ते वाक्य तोंडात धरून नुसतं बसणं त्याला असह्य झालं तेव्हा त्यानं पाच मिनिटांसाठी म्हणून फोन काढला. मान वर केली तेव्हा मालक बाहेर निघाले होते, एक हात कोटाच्या बाहीत घालत. "काही काम होतं का, मास्तर?" "नाही, तसं काही नाही." मंगळवारी मालक आले नाहीत. बुधवारी त्यांच्या केबिनमध्ये दुसरं कोणी बसलं होतं. गुरुवारी मास्तर बाकापर्यंतच गेला नाही. आपण भित्रे आहोत हे त्याला माहीत होतं, भित्रेपणावरच तर त्यानं जन्म काढला होता; पण कात्री उचलतानाची भीती माणसाला नीट कापायला लावते आणि ही भीती काहीच करायला लावत नव्हती, नुसती बसून राहत होती. गुरुवारीच बायकोनं विचारलं, "मावशींचा फोन लागत नाही. कामावर येतात ना?" तो म्हणाला, "काढलं त्यांना." "काढलं? अहो, का?" मास्तरनं फोनवरून नजर न काढता पायरीसारखा तुकडा एकदा वळवला, दुसऱ्यांदा वळवला. "चूक झाली त्यांच्याकडून." हे त्यानं पहिल्यांदाच तोंडानं म्हटलं. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. बायकोनं हातातला फोन ठेवून दिला. मग म्हणाली, "हातानं काम करणाऱ्या माणसाचं असंच. एकदा चुकलं की गेलं," आणि आत निघून गेली.

रविवारी दुपारी दार वाजलं. मावशी होत्या, बरोबर त्यांची मुलगी. आठ दिवसांत मावशी आकसल्यासारख्या दिसायला लागल्या होत्या. मुलगी उंच होती, चपला काढताना तिनं एका हातानं भिंत धरली आणि दुसऱ्या हातानं आईला. बायकोनं दोघींना आत घेतलं, मावशींचा हात आपल्या हातात घेऊन सोफ्यावर बसवलं आणि पाणी आणलं. मास्तरनं फोन खिशात टाकला. एक ओळ भरायला एकच घर राहिलं होतं. "काका, मी सरळच बोलते," मुलगी म्हणाली. "मी हिला म्हणते, कामगारांच्या कार्यालयात अर्ज देऊ. एकोणीस वर्षं काम केलेल्या माणसाला असं उभ्या उभ्या काढता येत नाही. पण ही ऐकत नाही." "का ऐकू?" मावशी म्हणाल्या. "आधी मला कळू दे, चूक माझी होती की नव्हती." "आई, तू म्हणालीस ना की तू सगळे थर नीट टाकलेस!" "मला वाटतं मी नीट टाकले. वाटण्यावर कोणाशी भांडायचं?" मग त्या मास्तरकडे वळल्या. "मला कोट दाखवलेसुद्धा नाहीत हो त्यांनी. तुम्ही बघितलेत. तुम्ही सांगा. नाही म्हणालात तर मी अर्ज देईन, अगदी मालकाच्या तोंडावर सांगेन. आणि हो म्हणालात तर गप घरी बसेन. तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नाही." बायको दारात पाण्याचं तबक धरून उभी होती. "यांचं सोडा," ती म्हणाली, "हे तर देवालासुद्धा तोंडावर सांगतील, तुझा शर्ट तिरका कापलाय म्हणून." कोणी हसलं नाही. मास्तरनं ओठ ओले केले. ते सहा-सात शब्द अजून तोंडात होते, चघळून चघळून चव गेलेले. त्यांच्या पाठोपाठ प्रश्न येणार होते. मग कसं झालं, मास्तर? तुमच्यासारख्याकडून? आणि त्यावर काय सांगायचं? दारू प्यायलो होतो असं म्हणता आलं असतं तर लोकांनी चुचकारलं असतं. डोळ्यांना दिसेनासं झालंय म्हटलं असतं तर डोळे बिचारे. ठोकळे! छप्पन्न वर्षांचा माणूस, ठोकळे! "थर उलटे पडले होते," तो म्हणाला. "काही काही."

मुलगी ताडकन उठली आणि पुन्हा बसली. मावशी हलल्या नाहीत. "हं," त्या म्हणाल्या. मग, "बरं झालं तुम्ही सांगितलंत. नाहीतर मी भांडायला गेले असते आणि शोभा झाली असती." त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या आपले हात बघत होत्या, दोन्ही, पालथे आणि उताणे. "म्हणजे हात गेला माझा. गुडघे गेले ते कळलं, दुखतात म्हणून. हे कळलंच नाही." "आई, पुरे," मुलगी म्हणाली. "थांब गं." मावशींनी पिशवीतून मखमलीचा एक तुकडा काढला, वहीच्या पानाएवढा, निळाच. "कतरणीतून घरी आणला होता, उशीला लावायला म्हणून. आठवडाभर हाच घेऊन बसलेय. डोळे मिटून लव कुठे पडते ते बघते. मला वाटतं बरोबर सांगतेय, पण घरात दुसऱ्या कोणाला कळतंय? ही आपली हो हो म्हणते. तुम्ही द्या, मास्तर. कसाही फिरवा आणि द्या." आणि त्यांनी डोळे मिटले.

मास्तरनं तुकडा घेतला. त्याच्या हातांना काम मिळालं म्हणून ते एकदम शांत झाले. त्यानं तुकडा एकदा वळवला, दुसऱ्यांदा वळवला, आणि मावशींच्या मांडीवर ठेवला. मावशींनी त्यावरून तळवा फिरवला, हलकेच, एकदा तिकडून इकडे, एकदा इकडून तिकडे. लागलीच बोट केलं. "इकडे. खिडकीकडे पडते." बरोबर होतं. अगदी निःशंक बोट होतं ते; कारखान्यात हे असं दुसऱ्या कोणाला मिटल्या डोळ्यांनी सांगता आलं नसतं, त्याला सोडून. मुलगी आईच्या बोटाकडे बघत नव्हती, ती मास्तरच्या तोंडाकडे बघत होती. बायकोही बघत होती. बरोबर आहे म्हटलं, की हा हात चुकत नाही असं ठरलं. आणि हात चुकत नाही, तर मग थर कसे चुकले? एवढी एकच जागा मोकळी होती, आणि तिच्यात बसेल असा एकच शब्द होता. त्याला कळत होतं आपण काय करतो आहोत. कळत नव्हतं असं पुढे कधी म्हणता येणार नाही, हेही कळत होतं.

"नाही," मास्तर म्हणाला.

मावशींच्या मिटल्या पापण्या हलल्या. त्यांनी तळवा पुन्हा तुकड्यावर ठेवला आणि या वेळी फार सावकाश फिरवला, कडेपासून कडेपर्यंत, बोटं पसरून, मग नुसत्या बोटांच्या टोकांनी. कपाळाला आठी पडली. "नाही?" त्या म्हणाल्या. "मग... इकडे?" बोट खिडकीवरून सुटलं आणि अडखळत दाराकडे वळलं.

"हां. आता बरोबर."

मावशींनी मान हलवली. डोळे उघडले नाहीत. तुकडा चाचपडत उचलून त्यांनी त्याच्यापुढे धरला. "अजून एकदा द्या, मास्तर," त्या म्हणाल्या. "हे नीट लक्षात ठेवते."